खालची बारीक ओळ

भाऊजी,

तुमचा फ्लेक्स अजून चौकात आहे. एका कोपऱ्याची दोरी सुटली आहे, त्यामुळे तो दिवसभर फडफडतो. भाजी आणायला निघताना मी ठरवून निघते की आज वर बघायचं नाही, आणि बघतेच. ऋतुजाचा दहावीतला दोन वेण्यांचा फोटो, वर ‘हार्दिक अभिनंदन’, आणि उजव्या कोपऱ्यात ‘शुभेच्छुक’ म्हणून गुलाबी फेट्यातले तुम्ही. शेजारच्या खांबावर दुसरा फ्लेक्स आहे. त्यातही तुम्हीच आहात, त्याच गुलाबी फेट्यात, तसेच हसत. फक्त वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं आहे. कॉलनीतल्या पोरांनी परस्पर लावला. फ्लेक्स छापणाऱ्या शकीलभाईंच्या कॉम्प्युटरमध्ये तुमचा तोच एक फोटो होता म्हणे. लग्नातला फेटा बांधून स्वतःची श्रद्धांजली घेणारा माणूस या गारखेड्यात तुम्हीच पहिले असाल.

मला तुमचा राग आला आहे. गेलेल्या माणसावर रागवू नये असं सगळे सांगतात. मग कोणावर रागवायचं, ते कोणी सांगत नाही.

हे मी लिहिते आहे तुम्हाला, पण ईशान आणि मीरालाही पाठवणार आहे. माझ्या या दोन परदेशी नातवंडांना तुम्ही माहीत आहात ते उन्हाळ्याच्या सुट्टीत स्कूटरवर पुढे उभं करून फिरवणारे आण्णा म्हणून. फ्लेक्सचा फोटो त्यांना ऋतुजाने पाठवला होता. तेव्हा ईशानने मला विचारलं, “आजी, ती जिंकायच्या आधीच आण्णांनी बोर्ड का लावला?” व्हिडिओ कॉलवर त्याचं उत्तर देता येण्यासारखं नव्हतं. म्हणून नीट, पहिल्यापासून लिहिते.

तुमची नात ऋतुजा, आपल्या सुनीलची मुलगी, बारावीनंतर भूशास्त्र शिकायचं म्हणत होती. तेही बेंगळूरला. सुनीलने तिला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं की शेंद्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीवर ते झेपणार नाही. देशभरातल्या मुलांसाठी असलेली ती गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळाली तर बेंगळूर, नाही तर इथलंच कॉलेज. पोरीने वाद घातला नाही. लेखी परीक्षा दिली, निबंध लिहिला आणि गप्प राहिली. तुम्ही मात्र गप्प राहिला नाहीत. “वहिनी, दगडं शिकायला बेंगळूरला कशाला जायचं? आपल्या गावाकडं, कन्नडच्या घाटात, लई पडलेत.” हे तुम्ही तिच्यासमोर म्हणायचात, आणि ती गेली की मला दम द्यायचात, “पण पोरीचं काम झालं पायजे. तुमचं इंग्लिश मग काय लोणचं घालायला ठेवलंय का?”

ईमेल आला तेव्हा ऋतुजा फोन घेऊन वरच्या मजल्यावर माझ्याकडेच आली. तिने तो माझ्या हातात दिला. तुम्ही चहाला आलेलेच होतात. मी मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं की तिची अंतिम फेरीसाठी निवड झाली आहे, पुण्याला मुलाखत होईल, आणि अंतिम फेरीतल्या मोजक्यांनाच शिष्यवृत्ती मिळेल. शेवटचं वाक्य मी भिंतीला सांगितलं, कारण तुम्ही चपला घालत होतात.

“अहो भाऊजी, थांबा. मिळाली नाही अजून.”

“तुम्ही वाचा निवांत. मी पेढे घेऊन आलोच.”

आपल्या दोघांचं इथंच फाटायचं. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. अर्धवट झालेल्या गोष्टीला झाली म्हणणं मला सहन होत नाही. तुम्ही एसटीत कंडक्टर. गाडी घाट चढून वर आली की गाव आलंच म्हणून प्रवाशांना उठवून ठेवणारे. गाव अजून कितीतरी लांब असायचं.

पेढ्यांचं मी सोडून दिलं. पेढे खाऊन संपतात. पण दोन दिवसांनी तुम्ही फ्लेक्सची भाषा करायला लागलात, आणि मजकूर दाखवलात तो ‘शिष्यवृत्ती मिळाल्याबद्दल’. मी तशीच पायात चपला सरकवून तुमच्याबरोबर शकीलभाईंच्या दुकानात आले. आठवतंय ना? मी म्हटलं, “शकीलभाई, ‘मिळाल्याबद्दल’ काढा. ‘अंतिम फेरीत निवड झाल्याबद्दल’ असं करा. मोठ्या अक्षरात.”

शकीलभाईंनी माझ्याकडे फार काळजीने बघितलं. “मॅडम, ‘अंतिम’ बडा लिखे तो लोगां मयत का समझते. अंतिम दर्शन, अंतिम यात्रा, हमारे पास दिनभर वोइच आता.”

तुम्ही टेबलावर हात मारून हसलात. “बघा! ह्याला कळतंय. अभिनंदनात अंतिम नगं. लिहायचंच असंल तर खाली लिही, बारीक.”

“बारीक म्हणजे किती?” मी विचारलं.

“वाचता यील एवढं,” तुम्ही म्हणालात.

वाटेत मी तुम्हाला बोलले की हा सगळा प्रकारच मला पटत नाही. लहान मुलीचा फोटो चौकात टांगायचा म्हणजे काय. तेव्हा तुम्ही चालता चालता थांबलात आणि एरवी कधी न काढलेल्या आवाजात म्हणालात, “वहिनी, आपल्याकडं माणसाचा फ्लेक्स लागतो तो इलेक्शनला उभा राह्यला तर, नायतर मेला तर. शिकण्यापायी लागलेला दाखवा मला एक. लागू द्या की पोरीचा.” मी ‘बघू’ म्हणाले आणि पुढे चालू लागले. ते ‘बघू’ही मला चिडायला पुरेसं आहे.

फ्लेक्स लागला. दुसऱ्या दिवशी मी बँकेतून येताना खाली उभी राहून वाचायचा प्रयत्न केला. ‘हार्दिक अभिनंदन’ पार रिक्षा स्टँडपर्यंत दिसत होतं. त्याखाली ‘राष्ट्रीय शिष्यवृत्ती’ ही अक्षरशः वीतभर उंचीच्या अक्षरांची रांग. आणि सगळ्यात तळाला, तुमच्या फेट्याच्या टोकापासून सुरू होणारी मुंगीएवढी ओळ: ‘अंतिम फेरीत निवड झाल्याबद्दल’. मी चष्मा पुसला, पुढे झाले, मागे झाले. एक रिक्षावाला म्हणाला, “आजी, काय हरवलं का?”

तुमचं माझं शेवटचं बोलणं त्या ओळीवरून झालं. सकाळी तुम्ही जिना चढून आलात, नेहमीसारखं “वहिनी, हाय का चहा?” म्हणत. मी म्हटलं, “आहे. पण आधी सांगा, ती खालची ओळ वाचायला दुर्बीण लावायची का लोकांनी?”

“ज्याला वाचायची तो वाचतो.”

“आणि नाही मिळाली तर? सगळा गारखेडा तिला विचारेल, कधी जाणार बेंगळूरला. रोज त्याच चौकातून जायचंय तिला. तुम्ही नाही उत्तर देणार, ती देणार.”

तुम्ही पहिल्यांदाच जरा विचारात पडलात. मग म्हणालात, “बरं. उद्या मोठी करून आणतो ओळ. आता चहा द्या, लई झालं तुमचं परीक्षण.”

मी चहा दिला तो मगमध्ये, बशी न देता, तुम्ही बशीतच पिता हे माहीत असून. तुम्ही मग हातात फिरवून बघितलात, “पनिशमेंट व्हय?” म्हणालात आणि फुंकर मारत प्यायलात. दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत.

त्यानंतर जे सुरू झालं ते ऐकायला तुम्ही हवे होतात, म्हणजे मला तुम्हाला ऐकवता आलं असतं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस चौकातून येत होता. खाली तुमच्या घरात सतरंजीवर बसायचा, डोळे पुसायचा आणि म्हणायचा, “आण्णा भाग्यवान. नातीला शिष्यवृत्ती मिळालेली डोळ्यांनी बघून गेले.” सुनील मान खाली घालून बसायचा. ऋतुजा आत पाणी आणायच्या निमित्ताने उठून जायची. आणि मी, जिने तुमच्यासाठी रडायला हवं होतं, मी लोकांना समजावत होते, “अजून मिळालेली नाही. मुलाखत व्हायची आहे. अंतिम फेरी म्हणजे…” लोक माझ्याकडे बघायचे. समोर हार घातलेला फोटो आणि ही बाई कसल्या फेऱ्या सांगते आहे! एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, “असू द्या हो, आता कशाला कमी करून सांगता.” मला तुमच्या मयतीत नीट रडूसुद्धा दिलं नाहीत तुम्ही.

मुलाखत तुमच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी होती. सुनीलच्या सांगण्यावरून मी ईमेल पाठवला की घरात असं झालं आहे, तारीख पुढे मिळेल का. फार सभ्य उत्तर आलं. त्यांना दुःख झालं होतं आणि तारीख बदलता येत नव्हती. सुनीलला काही सुचेना. बापाच्या सुतकात मुलीला पुण्याला धाडायचं, तर कन्नडहून आलेली भावकी काय म्हणेल. भावकीपेक्षाही त्याला धाक होता तुमच्या बहिणीचा, कमल वन्संचा.

वन्संनी ऐकलं आणि त्यांना धक्का बसला तो वेगळाच. “पर आता पुण्याला कशाला? ती तं मिळाली न्हवं? आण्णानं चौकात लावलंय की. एस्टीतनं उतरल्या उतरल्या मीच बघितलं. मिळाली तं मिळाली. घरात सुतक असताना परत कशाला मागायला जायाचं?”

भाऊजी, तेव्हा मला तुम्ही समोर हवे होतात. मी जे त्या सकाळी सांगत होते ते अगदी तसंच झालं होतं, आणि तेही परक्या माणसाच्या बाबतीत नाही, तुमच्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत. तुमच्याच फ्लेक्समुळे पोरगी मुलाखतीला मुकायची वेळ आली होती. सुनीलने सांगून पाहिलं. वन्सं म्हणाल्या, “तुझा बाप खोटं लिहील का?” त्याच्या तोंडून ‘हो’ निघणार नव्हतं, आणि ‘नाही’ म्हटलं तर ऋतुजा घरी बसत होती.

शेवटी मी म्हटलं, “वन्सं, चला. पायात घाला. चौकात जाऊन येऊ.” ऋतुजालाही घेतलं.

ऊन चांगलंच होतं. आम्ही तिघी त्या दोन खांबांसमोर जाऊन उभ्या राहिलो, आणि वन्संना खालची ओळ दाखवायची तर त्यांचं लक्ष शेजारच्या फ्लेक्सवर गेलं. तुम्ही दोन्हीकडून हसत होतात. त्या पदर तोंडाला लावून मोठ्याने रडायला लागल्या. “आण्णा, अरं कसा हसतोय बघा, लेकराच्या लग्नाला निघाल्यागत!” भाजीचा गाडीवाला थांबला. रिक्षावाल्यांनी पाणी आणून दिलं. त्या शांत झाल्यावर मी वर बोट करून म्हटलं, “ती खालची ओळ बघा.” त्यांना दिसेना. मलाही नीट दिसत नव्हती. ऋतुजाने वाचून दाखवली.

“म्हंजे मिळाली नाय?” वन्संनी विचारलं.

“अजून नाही, आत्याआजी. शेवटची मुलाखत राहिलीय. ती दिली तरच काही होऊ शकतं.”

वन्सं तुमच्या फेट्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “म्हंजे आण्णा खोटं बोलला?”

इतके दिवस मी हेच म्हणत होते. याच शब्दांत नाही, पण अर्थ तोच होता. आणि त्या क्षणी माझ्या तोंडून आलं, “नाही वन्सं. खोटं नाही. लिहिलंय ना त्यांनी. फक्त बारीक लिहिलंय.”

हे बोलून झाल्यावर मला स्वतःचाच इतका संताप आला की मी दुसरीकडे बघायला लागले. तुमची बाजू घ्यायची वेळ तुम्ही माझ्यावर आणलीत, आणि ऐकायला थांबलाही नाहीत. तुम्ही ते ऐकलं असतंत तर जन्मभर मला त्यावरून चिडवलं असतंत.

वन्संनी नाक पुसलं. “मग जाऊ दे पोरीला. आण्णानं आधीच पेढं वाटून ठेवलेत. आता पोरीनं जाऊन तोंड तरी दाखवाया पायजे का नको?” मग ऋतुजाच्या पाठीत एक धपाटा घातला. “आन् दोन येण्या घालू नको. फोटोत लई बावळी दिसतीस.”

सुनील तिला पुण्याला घेऊन गेला.

तिथं काय झालं ते ऋतुजाने मला दहाव्यानंतर सांगितलं. आधी तुमच्याबद्दलचं सांगते, कारण ते तुम्हाला आवडेल. तयारीच्या वेळी मी तिला प्रश्न विचारायचे तेव्हा तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बसायचात, कपाळाला आठ्या घालून, काही एक न कळता. मला वाटायचं तुम्ही व्यत्यय आणता. मधेच, “तुमच्याकडं पाणी किती दिवसांनी येतं?” असले प्रश्न विचारायचात. मी तुम्हाला खाली जायला सांगायचे आणि तुम्ही जायचा नाहीत. ऋतुजा म्हणाली, पुण्यात समोर तीन गंभीर माणसं बसली होती, पण तिला भीती वाटली नाही. “मोठी आजी, आण्णांच्या आठ्या यांच्यापेक्षा वाईट होत्या.” तर ते काम तुमच्यामुळे झालं. माझ्या इंग्रजीमुळे नाही. आभार मानते. ते मनापासून आहेत, जरी सूर तसा वाटत नसला तरी.

आता दुसरं. त्यांनी तिला विचारलं की तुझ्या घरातला एखादा मतभेद सांग, आणि तुला त्यात काय वाटतं ते सांग. तिने फ्लेक्सचं भांडण सांगितलं. शकीलभाईंचं ‘अंतिम’ ऐकून तिघेही हसले म्हणे. मग एकाने विचारलं, आजोबा बरोबर की आजी?

“मग तू काय सांगितलंस?” मी विचारलं. भाऊजी, मी खुर्चीत सरळ होऊन बसले होते.

ती म्हणाली, “मी म्हटलं, आण्णांना पोहोचणं मोठं वाटत होतं, आजीला मिळणं मोठं वाटत होतं. पण मी काय शिकायला निघालेय, ते दोघांनीही फ्लेक्सवर लिहिलं नाही. मोठ्या अक्षरात नाही आणि बारीक अक्षरातही नाही.”

खरंच नव्हतं. मी मनातल्या मनात सगळा फ्लेक्स वाचून काढला. ‘भूशास्त्र’ हा शब्द कुठेच नव्हता. तुम्हाला तो दगडांचा विषय चारचौघांत सांगायला नको होता, आणि मला, खरं सांगायचं तर, तो नसल्याचं लक्षातच आलं नव्हतं. आपण अक्षराच्या उंचीवरून भांडत होतो. तिने ते पुण्याला जाऊन तीन परक्या माणसांना सांगितलं. मला हसावं की रडावं कळेना. तुम्ही असता तर म्हणाला असतात, “मार खाल्ला की वहिनी दोघांनी.” आणि मी एकटीने तो खाल्ला.

तेवढं चांगलं उत्तर देऊनही तिला शिष्यवृत्ती मिळाली नाही.

मागच्या आठवड्यात कळलं. ईमेल पुन्हा मीच वाचला. यावेळी कोणी चपला घातल्या नाहीत. ऋतुजा म्हणाली, “ठीक आहे,” आणि आत जाऊन दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. जेवायला आली तेव्हा डोळे सुजलेले होते. तिने इथल्या कॉलेजचा अर्ज भरला आहे, भूशास्त्रालाच. पुढच्या शिक्षणाला पुन्हा कुठेतरी परीक्षा देईन म्हणते. देईलही. पण बेंगळूर गेलं ते गेलं, आणि ते बरंच झालं असं मी कोणाला म्हणू देणार नाही. तुम्हालाही म्हणू दिलं नसतं.

काल ती माझ्याबरोबर भाजीला आली होती. मी तिला दुसऱ्या रस्त्याने न्यायला बघत होते, पण ती सरळ चौकाकडेच निघाली. व्हायचं तेच झालं. मागच्या गल्लीतल्या काकू पिशवी घेऊन समोर आल्या. “काय गं ऋतुजा, अजून इथंच? बेंगळूरला कधी निघणार मग?”

हाच प्रश्न, हाच चौक. उत्तर द्यायला तुम्ही नाहीत. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात ऋतुजाने हात वर करून फ्लेक्स दाखवला.

“नाही मिळाली, काकू. अंतिम फेरीपर्यंत गेले होते. खाली लिहिलंय बघा, आण्णांनी.”

काकू पुढे झाल्या, मान वर केली, ओठ हलवत ती ओळ वाचली. “अय्या,” त्या म्हणाल्या, “हे होतंच का इथं?” मग पिशवी खाली ठेवून तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “आमच्याकडं कुणी पहिल्या फेरीत गेलं नाही बाई.” ऋतुजा हसली. ते हसणं तुमचंच होतं, फेटा तेवढा नव्हता.

पुढे गेल्यावर ती म्हणाली, “मोठी आजी, लगेच काढायला सांगू नका हां. खोटं काहीच नाहीये त्यात.”

तेव्हा, भाऊजी, निकाल असा आहे. ओळ असायला हवी होती, ते माझं बरोबर होतं. ती नसती तर काल पोरीला दाखवायला काही नसतं. फ्लेक्स लागायला हवा होता, ते तुमचं. यातलं दुसरं मी तुम्हाला सांगितलंच असतं, पण लगेच नाही. तुम्ही जिना चढून आला असतात, चहा झाला असता, कप खाली ठेवला असतात, आणि तुम्ही निघताना दारात सांगितलं असतं, म्हणजे तुम्हाला फार वेळ मिरवता आलं नसतं.

ओळ मोठी करून आणणार होतात, उद्या. शकीलभाईंना मी काल विचारलं. ते म्हणाले, आण्णा त्याच दुपारी ती ओळ मोठी करायला सांगायला येणार होते, बोलले होते फोनवर. म्हणजे माझं ऐकलं होतंत. हे मला तुमच्याकडून ऐकायचं होतं, शकीलभाईंकडून नाही.

सकाळी अजूनही दोघांचा चहा टाकला जातो. तुमची बशीही मी आता कपाशेजारी काढून ठेवते.

तुमची,
वहिनी